रेड म्हणजे धाड नव्हे!

हार्ड डिस्क मरते. आज, उद्या किंवा पाच वर्षांनी, पण मरते. ही वाईट बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. गुगलने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिल्या वर्षातल्या डिस्कपैकी १.७ टक्के बंद पडल्या होत्या, आणि तीन वर्षं वयाच्या डिस्कमध्ये हे प्रमाण वर्षाला ८.६ टक्क्यांवर गेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी 'स्मार्ट' नावाच्या तपासणीतल्या मुख्य खुणांमध्ये आधी काहीच कुरकुर केलेली नव्हती. चांगली चालता चालता गेल्या!

तेव्हा डिस्क जाईल का, हा प्रश्नच नाही. ती जाईल तेव्हा आपलं काम थांबेल का आणि आपली फाईल जाईल का, हे दोन प्रश्न आहेत. आणि हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, एवढं एक वाक्य जरी या लेखातून तुमच्या लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

दोन गावं, दोन ऑफिसं

नुसती थिअरी सांगितली तर तुम्ही पान उलटाल हे मला माहीत आहे. म्हणून दोन खरी उदाहरणं घेते. दोन्ही घरचीच आहेत.

पहिलं शिरूरचं, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत घोडनदीचं. तिथे माझे मामा कर सल्लागार आहेत. त्यांच्याकडे आठ कॉम्प्युटर आहेत. रांजणगाव एमआयडीसीतले छोटे सप्लायर, बाजारपेठेतले दुकानदार, दूध संकलनवाले असे त्यांचे क्लायंट. सगळ्यांचे हिशेब एकाच मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. सगळा डेटा मिळून ४०० जीबीसुद्धा नाही, पण दिवसभर आठ जण त्यात बारीक बारीक नोंदी करत असतात. आणि महिन्याची वीस तारीख, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची तारीख, जवळ आली की ऑफिसात कोणी कोणाशी नीट बोलत नाही. एकोणीस तारखेला संध्याकाळी ते मशीन बंद पडलं, तर मामांचा बीपी वाढेल आणि क्लायंटला लेट फी पडेल.

दुसरं दौंडचं. तिथे काकांचा फोटो आणि व्हिडिओचा स्टुडिओ आहे. एका लग्नाचं शूटिंग साधारण ४०० जीबी होतं. वर्षाला पंचवीसेक लग्नं धरली तर १० टीबी. इथे नोंदी-बिंदी काही नाही. मोठमोठ्या फाईली एकदा ओतायच्या आणि मग तीन मशीनवर एडिटिंग करत बसायचं.

मागच्या लग्नसराईत या स्टुडिओतली एक डिस्क गेली. तिच्यावर एका लग्नाची हळद होती, एडिटिंग व्हायची बाकी. नवरीचे आजोबा त्या हळदीला ढोलकीवर बसले होते म्हणे. दोन महिन्यांनी आजोबा वारले आणि घरचे लोक तो व्हिडिओ मागायला आले. काकांनी पैसे परत केले. पण त्या लोकांना पैसे नको होते.

त्यानंतर काका मला म्हणाले, "तू कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, काय करायचं?" मामांचाही फोन आला, तोच प्रश्न घेऊन. मी म्हटलं, "मामा, ऑफिसात रेड लावून टाकू." पलीकडे एकदम शांतता. मग हळूच आवाज आला, "अगं, कर सल्लागाराच्या ऑफिसात असं मोठ्याने बोलू नकोस. क्लायंट पळून जातील!"

नाव कुठून आलं?

तर ही रेड म्हणजे धाड नव्हे. 'रिडंडंट अॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' याची ती आद्याक्षरं. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन (होय, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या आपल्या पुस्तकावर नाव असलेलेच), गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली हा पेपर प्रसिद्ध केला. त्या काळी मोठ्या कंपन्यांत मेनफ्रेमच्या अवाढव्य आणि महागड्या डिस्क असत. या तिघांचं म्हणणं असं की त्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या छोट्या स्वस्त डिस्क पुष्कळ जोडा, काम जास्त वेगाने होईल. पुढे कंपन्यांनी 'इनएक्स्पेन्सिव्ह'च्या जागी 'इंडिपेंडंट' हा शब्द बसवला. स्वतःचा माल 'स्वस्त' म्हणून विकायला कोणाला आवडेल?

पण त्याच पेपरात एक हिशेब आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरा. आता अशा १०० डिस्क एकत्र जोडल्या, तर त्यातली कुठलीतरी एक बंद पडायला सरासरी ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० तास लागतील. दोन आठवडेसुद्धा नाहीत! जितक्या डिस्क जास्त, तितकी 'आज कोणीतरी गेलं' ही बातमी जास्त वेळा. म्हणून त्यांनी पुढे म्हटलं की काही डिस्क जादा ठेवा, रिडंडंट ठेवा, म्हणजे एक गेली तरी गाडा चालू राहील.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'रिडंडंट'ला मराठीत काय म्हणायचं हे मी आजीला विचारलं. डिक्शनरीत 'अनावश्यक' असं दिलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "अनावश्यक कसं? अडीनडीला म्हणून ठेवलेलं असतं ते." मला तर हा अर्थ डिक्शनरीपेक्षा बरोबर वाटला. रिडंडन्सी म्हणजे अडीनडीची सोय.

रेडचे प्रकार, चार डिस्क घेऊन

समजा आपल्याकडे प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क आहेत. आता बघा, त्या कशा कशा जोडता येतात.

रेड ०: डेटाचे तुकडे करून चारही डिस्कवर वाटायचे. १६ टीबी पूर्ण वापरायला मिळतात, वेगही भरपूर. पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. नावातला शून्य हा सुरक्षिततेचा शून्य समजा. १९८८च्या पेपरात हा प्रकार नव्हता, नाव मागाहून पडलं.

रेड १: आरसा. एका डिस्कवर जे लिहिलं तेच दुसरीवर. दोन डिस्कची जोडी, जागा एकीचीच.

रेड १० (हे दहा नव्हे, एक आणि शून्य): आधी दोन-दोनच्या आरशाच्या जोड्या करायच्या आणि मग त्या जोड्यांवर डेटा वाटायचा. वापरायला ८ टीबी. एक डिस्क नक्की जाऊ शकते. उरलेल्या तिघींपैकी दुसरी गेली तर? ती पहिलीची जोडीदारीण असेल तर संपलं, बाकी दोघींपैकी असेल तर वाचलो.

रेड ५: डेटा वाटायचा आणि त्याबरोबर 'पॅरिटी' नावाची एक बेरीजही वाटून ठेवायची. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, उरते १२ टीबी. कुठलीही एक डिस्क गेली तरी चालतं, दोन गेल्या की खेळ खल्लास.

रेड ६: रेड ५सारखंच, पण पॅरिटी दोन प्रकारची. उरते ८ टीबी, आणि कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

पॅरिटी म्हणजे डेअरीची वही

एफ.ई.च्या मंडळींनी घाबरू नये, यातलं गणित चौथीचं आहे. दूध डेअरीच्या वहीत तीन रकाने असतात असं समजा. एका गावचं दूध ७० लिटर, दुसऱ्या गावचं ५० लिटर, एकूण १२०. आता मधला आकडा चहा सांडून पुसला गेला. काय कराल? १२० वजा ७०, आले ५०. झालं! एकूण लिहून ठेवलं होतं म्हणून हरवलेला आकडा परत मिळाला. आणि समजा दोन आकडे पुसले, तर? मग नुसत्या एका आकड्यावरून काही कळत नाही. रेड ५ दोन डिस्क का सोसत नाही, त्याचं उत्तर हेच.

डिस्कवर बेरजेऐवजी 'एक्सॉर' वापरतात, कारण त्यात हातचा घ्यावा लागत नाही. पहिल्या डिस्कवर १०११, दुसरीवर ०११०. दोन्ही बिट सारखे असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १ लिहा. पॅरिटी आली ११०१. आता दुसरी डिस्क मेली. पहिलीचे १०११ आणि पॅरिटीचे ११०१ यांचा पुन्हा एक्सॉर घ्या. आले ०११०! वहीवर करून बघा, खरंच मजा येते.

या हुशारीची किंमत मात्र मोजावी लागते. वहीतला एक आकडा बदलला की एकूणही बदलावी लागते. रेड ५मध्ये एक छोटीशी नोंद बदलायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. रेड ६मध्ये सहा होतात. आरशात फक्त दोन, इकडे लिहा आणि तिकडे लिहा. लिखाण एकदम मोठं, सलग असेल तर हा फरक पुष्कळ कमी होतो, कारण सगळ्या रकान्यांची नवी एकूण एकदमच काढता येते.

शिरूरचा निर्णय

आता मामांच्या ऑफिसकडे वळू. कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्या एकाने त्यांना सल्ला दिला होता की १ टीबीच्या तीन डिस्क घ्या आणि रेड ५ करा, एकच डिस्क 'वाया' जाते. वाया! आजीला ऐकवायला हवं होतं.

हिशेब करू. १ टीबीच्या तीन डिस्कवर रेड ५ केलं तर मिळतात २ टीबी. आणि २ टीबीच्या दोन डिस्कचा आरसा केला तरी मिळतात २ टीबीच. जागा सारखीच, पण बिघडायला डिस्क तीनऐवजी दोनच. शिवाय आठ जणांच्या बारीक बारीक नोंदी, म्हणजे प्रत्येक नोंदीला चार कामं विरुद्ध दोन कामं. आणि तिसरा मुद्दा शिरूरसाठी सगळ्यात महत्त्वाचा: अख्खं मशीन जळलं तरी आरशातली कुठलीही एक डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली की फाईली दिसतात. रेड ५मध्ये तीनपैकी किमान दोन डिस्क धड हव्यात आणि त्यांची जुळणी परत बसवायला हवी. एकोणीस तारखेच्या रात्री ही जुळणी कोण करणार?

तेव्हा शिरूरला रेड १, दोन डिस्क, आणि तिसरी सीलबंद डिस्क कपाटात. डिस्क गेलीच तर पुण्याहून मागवून ती लावेपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि तेवढे दिवस आपण एका पायावर उभे असतो. कपाटातली डिस्क हे दिवस वाचवते.

दौंडचा निर्णय

काकांना १० टीबी आजच हवेत, पुढच्या वर्षी आणखी. ८ टीबीच्या चार डिस्क घ्यायच्या ठरल्या. आता ५, ६ की १०?

रेड ५ मोहात पाडतं, कारण २४ टीबी मिळतात. पण एक डिस्क मेल्यावर काय होतं ते बघा. नवी डिस्क लावली की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत वाचून तिच्यावर हरवलेला डेटा परत मांडावा लागतो. याला रिबिल्ड म्हणतात. सेकंदाला १५० एमबी असा सलग वेग धरला तरी ८ टीबीला जवळजवळ पंधरा तास लागतात, आणि त्यात स्टुडिओचं काम चालू असेल तर आणखी कितीतरी. या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळी लग्नं गेली. आणि चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटमधून घेतलेल्या असतात. वय सारखं, उन्हाळे सारखे, म्हणजे दुसरीही म्हातारीच!

दुसरी गोष्ट अशी की डिस्क न मरताही एखादी जागा वाचता येत नाही. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्य इतक्या बिटमागे एखादी चूक होऊ शकते. हे बिट म्हणजे साडेबारा टीबी. आपल्या रिबिल्डला तर २४ टीबी वाचायचे आहेत! माहितीपत्रकातला आकडा ही कंपनीची मर्यादा असते, प्रत्यक्षात बहुतेक डिस्क याहून चांगल्या वागतात, आणि महागड्या डिस्कचा आकडा दहापट चांगला असतो. तरीसुद्धा आपल्याकडे त्या क्षणी दुसरी पॅरिटी शिल्लक नसेल, तर ती न वाचता आलेली जागा कायमची गेली. त्या जागी हळद असू शकते.

मग उरले ६ आणि १०. चार डिस्कवर दोन्हींमध्ये जागा सारखीच, १६ टीबी. रेड १० लिहायला वेगवान आणि त्याचं रिबिल्ड सोपं, कारण फक्त जोडीदारीण वाचायची. पण काकांच्या स्टुडिओत नेटवर्क गिगाबिटचं आहे, म्हणजे केबलमधून सेकंदाला सव्वाशे एमबीच्या वर काही जातच नाही. डिस्क कितीही पळाल्या तरी दार तेवढंच अरुंद! आणि फाईली मोठ्या, सलग. म्हणजे रेड १०च्या वेगाचा इथे उपयोग नाही, आणि रेड ६ कुठल्याही दोन डिस्क जाऊ देतं. पुढे दोन डिस्क वाढवून सहा केल्या, तर रेड ६मध्ये चार डिस्कची जागा मिळेल, रेड १०मध्ये तीनच. म्हणून दौंडला रेड ६.

बघा, एकाच घरातली दोन ऑफिसं, दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. 'बेस्ट रेड कुठलं?' असं कोणी विचारलं तर त्याला उलट विचारा, "तुझ्या फाईली छोट्या की मोठ्या? आणि रिबिल्डच्या वेळी दुसरी डिस्क गेली तर तुझं काय जाईल?"

लाईट, कार्ड आणि कौलं

आता ज्या गोष्टी पुस्तकात मागच्या पानावर असतात पण आपल्याकडे पहिल्या पानावर हव्यात, त्या सांगते.

लाईट. आपल्याकडे गुरुवार म्हटला की लाईट गेलीच असं समजायचं. रेड ५ किंवा ६ डेटा लिहून पॅरिटी लिहायच्या आत लाईट गेली, तर रकाने नवे आणि एकूण जुनी अशी वही तयार होते. लगेच काही कळत नाही. पुढे कधी डिस्क मेली आणि त्या जुन्या एकूणवरून हिशेब केला की चुकीचा डेटा परत येतो. याला 'राईट होल' म्हणतात. लिनक्समध्ये यासाठी जर्नल ठेवता येतं, आणि झेडएफएस ही फाईल सिस्टिम जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहिते म्हणून तिला हा त्रास होत नाही. पण काही वापरा, सर्व्हरला यूपीएस हवाच. घरगुती इन्व्हर्टर बदलताना क्षणभर झटका बसतो आणि तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. शिवाय यूपीएसची वायर सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो स्वतःच नीट बंद होईल.

कार्ड. हार्डवेअर रेड कार्ड वेगवान असतं, त्याला स्वतःची बॅटरीही असते. पण पाच वर्षांनी ते कार्ड जळलं आणि ते मॉडेल बाजारातून गेलेलं असेल, तर सगळ्या डिस्क धडधाकट असूनही डेटा अडकतो. दौंड-शिरूरमध्ये सोडा, पुण्यातही ते कार्ड शोधत फिरावं लागेल. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडतं. एवढ्याशा ऑफिसला आजच्या प्रोसेसरवर पॅरिटीचं ओझं जाणवतसुद्धा नाही. म्हणून दोन्हीकडे सॉफ्टवेअर रेड, आणि वर विंडोजवाल्यांना फोल्डर दिसावं म्हणून सांबा.

कौलं. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, अगदी मंगलोरी कौलांसारखे. अशा डिस्कना 'शिंगल्ड' म्हणतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात हे तुम्ही गावाकडे बघितलं असेल. तसंच इथे, म्हणून सतत लिखाण आलं की या डिस्क फार हळू होतात, रिबिल्डमध्ये तर रडवतात. २०२० साली उघड झालं की सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या जातीच्या होत्या आणि ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर कंपन्यांनी मॉडेलच्या याद्या जाहीर केल्या. तेव्हा मॉडेल नंबर तपासूनच घ्या, आणि जमलं तर डिस्क दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे लॉट वेगळा येईल.

आणखी एक. रेडमध्ये एक डिस्क मेली तरी सगळं चालू राहतं, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा धोका. कोणाला कळतच नाही! सहा महिन्यांनी दुसरी जाते आणि मग सगळे म्हणतात, "रेड होतं ना?" म्हणून डिस्क गेली की मोबाईलवर मेल यायलाच हवा, आणि महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासायचं काम सर्व्हरला लावून द्यायला हवं.

रेड म्हणजे बॅकअपही नव्हे

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे येते. काम थांबेल का, याचं उत्तर रेड देतं. फाईल जाईल का, याचं उत्तर रेड एकटं देत नाही. कोणी चुकून फोल्डर डिलीट केलं, तर आरसा ते दुसऱ्या डिस्कवरूनही इमानदारीत डिलीट करतो. आरसाच तो! व्हायरस आला, चोर आला, वीज पडली, आग लागली, तर चारही डिस्क एकाच डब्यात आहेत.

२१ जून २०१२ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फाईली जळाल्या. कागद असो की डिस्क, सगळ्या प्रती एका छपराखाली असल्या की एक ठिणगी पुरते.

दुसरं उदाहरण २७ जून २०१७चं. 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही त्यामुळे ठप्प झालं होतं. या कंपनीकडे कोणता युजर कोण, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहे, अशी कल्पना. पण व्हायरसने सगळेच एकदम पुसले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? कारण हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता! त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. लोडशेडिंगने कोणाचं भलं केल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव घटना.

धडा सरळ आहे. निदान एक प्रत अशी हवी की जी जोडलेली नाही आणि दुसऱ्या गावात आहे.

आमच्याकडे हे फार सोपं झालं. शिरूरची प्रत दौंडला आणि दौंडची शिरूरला! मामांच्या डेटाच्या दोन एक्स्टर्नल डिस्क आहेत. एक शिरूरला भरत असते, दुसरी दौंडला आजीच्या लोखंडी कपाटात. आठवड्यातून एकदा मामेभाऊ न्हावरे-चौफुला मार्गे येतो आणि अदलाबदल करतो. क्लायंटचे पॅन नंबर असतात म्हणून डिस्क एन्क्रिप्ट केलेली, पासवर्ड मामांकडे आणि एका बंद पाकिटात मामीकडे. काकांचे सगळे १० टीबी नेण्यात अर्थ नाही, म्हणून ज्या लग्नाचं एडिटिंग बाकी आहे तेवढंच शिरूरला जातं. आणि स्टुडिओत आता नियम आहे, की दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

"इंटरनेटवरून का नाही पाठवत?" असं कोणीतरी विचारेलच. मामांचं कनेक्शन अपलोडला सेकंदाला २० मेगाबिट देतं. ४०० जीबी पाठवायला ४४ तास! तीच डिस्क पिशवीत घालून दोन तासांत पोचली, तर वेग पडला सेकंदाला ४४० मेगाबिटच्या वर. रोजचा थोडासा बदललेला भाग मात्र रात्री इंटरनेटवरून जातो, त्याला ते पुरतं.

जाता जाता

तुमच्या ओळखीत कोणाकडे असा सर्व्हर असेल, तर पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा. फाईली छोट्या की मोठ्या? किती तास बंद राहिलं तर चालेल? रिबिल्डच्या वेळी दुसरी डिस्क गेली तर काय? जादा डिस्क कपाटात आहे का? डिस्क मेली की कोणाला कळतं? दुसऱ्या गावातली प्रत कुठे आहे? आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न: त्या प्रतीवरून एखादी फाईल कधी परत काढून बघितली आहे का? जी प्रत कधी उघडून बघितली नाही, ती आहे असं धरू नका. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी एक जुनी फाईल काढून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

घरचा अभ्यास: ६ टीबीच्या पाच डिस्क आहेत. रेड ५ आणि रेड ६मध्ये किती जागा मिळेल? रेड ५मध्ये एक डिस्क गेली तर रिबिल्डला किती टीबी वाचावे लागतील? आणि तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या पतसंस्थेसाठी तुम्ही यातलं काय निवडाल, आणि का? उत्तरं लेखातच आहेत. शेवटचं मात्र तुम्हाला पतसंस्थेत जाऊन, तिथल्या माणसांना विचारूनच सापडेल.